हजेरीतली वाक्यं

आमच्या घरात गेली चाळीस वर्षं एक नाव हाकारलं जातंय. ते शेजारीपाजाऱ्यांना कधीच नीट म्हणता आलं नाही. न्किरू. कुणी निक्रू म्हणतं, कुणी किरू. वाईच्या आत्याबाई शेवटपर्यंत 'निरू' म्हणायच्या, बहुधा निरुपमाचं लाडकं रूप समजून. माझ्या मुलीचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं हाक मारली की तिला वाटतं आई रागावलीय. न्किरू हेच तिचं खरं नाव. आग्नेय नायजेरियातल्या एका इग्बो बाईनं ते तिला दिलं. देताना त्या बाईनं नेमकं काय केलं, हे उमगायला मला फार वर्षं लागली.

१९८० ते १९८३ ही तीन वर्षं आम्ही दोघं तिथं शिक्षक होतो. मी गणिताची, हे विज्ञानाचे. नायजेरियात तेव्हा तेलाचा पैसा होता, शाळा भराभर उघडत होत्या आणि शिकवायला माणसं पुरत नव्हती. भारतातून बरेच शिक्षक त्या काळात तिकडे गेले, त्यांत आम्हीही साताऱ्याहून निघालो. आमचं गाव तेव्हाच्या अनांब्रा राज्यात, नायजर नदीकाठच्या ओनिचापासून तासाभराच्या वाटेवर. तांबडी माती, तिच्यावर गर्द हिरवं, आणि पावसात पत्र्याच्या छपरावर असा आवाज की शिकवणं थांबवून नुसतं उभं राहायचं.

वर्गात एकेचाळीस मुलं. हजेरीपटावर प्रत्येकाची दोन नावं, एक बाप्तिस्म्याचं आणि एक इग्बो. मी सोपी वाट धरली. पीटर, ग्रेस, तेरेसा. पंधरा दिवस असंच चाललं. मग एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलापाशी आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, तेरेसा हे माझं चर्चचं नाव आहे. मला आईनं न्वाकाएगो म्हटलंय." अर्थ विचारल्यावर म्हणाली, "मूल पैशापेक्षा मोठं आहे."

मी तिच्याकडे बघत राहिले. हे नाव नव्हतं, हे वाक्य होतं. कर्ता, क्रियापद, सगळं होतं त्यात.

त्या संध्याकाळी हजेरीपट घरी आणला. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या मॉनिटरला शेजारी उभं करून एकेक नाव म्हणायला शिकू लागले. सोपं नव्हतं. 'ग' आणि 'ब' एकाच वेळी सोडायचा, तेव्हा कुठं 'इग्बो' हा शब्दच नीट निघतो. त्यात भाषा सुरांची. 'आक्वा' हा एकच शब्द सूर वर-खाली करून म्हटला की कापड होतो, अंडं होतो, रडणं होतो, बिछाना होतो. म्हणजे चुकीच्या सुरात नाव घेतलं तर आईवडिलांनी बोललेलं वाक्यच मोडतं. मुलं फार सोशीक होती. माझं चुकलं की वर्ग एका सुरात ते नाव परत म्हणायचा, मी म्हणायचे, ते पुन्हा म्हणायचे.

चुक्वुएमेका म्हणजे देवानं फार मोठं केलंय. न्दुबुइसी, जगणं हे सगळ्यांत आधी. इफेयिन्वा, लेकरासारखं दुसरं काही नाही. ओन्येकाचुक्वू हा तर प्रश्न आहे, देवापेक्षा मोठं कोण? ओबिएचिना म्हणजे घराचा उंबरा ओस न पडो. आहामेफुला म्हणजे माझं नाव हरवून न जावो, आणि हेच एखाद्याचं नाव. तेव्हा देशाचे उपराष्ट्राध्यक्ष ॲलेक्स एक्वुएमे होते, त्याच राज्यातले. एक्वुएमे म्हणजे बोलला की करून दाखवणारा.

आपल्या नावांत क्रियापद सहसा नसतं. आपण मुलाला देवाचं नाव देतो, फुलाचं देतो, गुणाचं देतो. ज्याला हाक मारायची त्याच्यावर ते नाव ठेवलेलं असतं, म्हणून तर 'नाव ठेवणं' म्हणतो. इग्बो नाव बहुतेक वेळा मुलाविषयी नसतंच. ते कुणाला तरी उद्देशून बोललेलं असतं. देवाला, पितरांना, भाऊबंदांना, वाईट चिंतणाऱ्या शेजाऱ्याला. आणि मृत्यूला.

यातला सर्वांत खोल शब्द 'ची'. कितीतरी नावं त्यानं सुरू होतात. चिनेदू, ची वाट दाखवतो. चिदी, ची आहे. चियामाका, ची सुंदर आहे. आम्हाला प्रथम 'ची म्हणजे देव' एवढंच सांगितलं गेलं, कारण चर्चच्या शिकवणीत आता तोच अर्थ धरतात. जुनी माणसं वेगळं सांगायची. प्रत्येक माणसाचा आपापला ची असतो. तो माणसाबरोबर जन्माला येतो, आणि या जन्मात काय पदरी पडायचं ते त्याच्याशीच आधी ठरलेलं असतं. मी मराठीत प्रतिशब्द शोधला. आत्मा नव्हे, तो तर आपणच. कुलदैवत नव्हे, ते सगळ्या घराचं. नशीब म्हणावं तर नशिबाशी बोलता येत नाही, आणि चीशी येतं. 'ओन्ये क्वे, ची या एक्वे' अशी म्हण आहे, माणूस हो म्हणाला की त्याचा ची हो म्हणतो. पण आपल्या चीला कुस्तीचं आव्हान देऊ नये, असंही तीच माणसं सांगतात. शेवटी मी मनाशी 'पाठीराखा' हा शब्द धरला. तोही पुरत नाही. नशिबाला मात्र त्यांचा एक शब्द आहे, आकाराका. त्यात 'आका' म्हणजे हात. हातावर लिहिलेलं. हे ऐकल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं.

आणि 'ची'चा आणखी एक अर्थ आहे, दिवस, उजेड. रात्री निरोप घेताना तिथं म्हणतात, 'का ची फो'. ची उगवो. तीन वर्षं रोज रात्री कुंपणापलीकडून ती हाक यायची आणि मी तीच उलट द्यायची. आज इतक्या वर्षांनीही दिवा मालवताना माझ्या तोंडून ते निघतं.

चुक्वू म्हणजे मोठा ची. १८५७ साली ओनिचाला इंग्रजी मिशन आलं. ते आणणारे सॅम्युएल क्राउदर स्वतः लहानपणी गुलाम म्हणून विकले जाऊन सुटलेले, योरुबा. आणि तिथं राहून काम करणारे जॉन ख्रिस्तोफर टेलर हे गुलामीतून सुटलेल्या इग्बो आईबापांचे पुत्र. पुढे बायबलातल्या देवाला चुक्वू हेच नाव मिळालं आणि जुनी नावं नव्या धर्मातही टिकली. सगळीच नाहीत. न्वागवू, न्वान्यान्वू अशी नावं, म्हणजे ज्यांत आग्वू किंवा सूर्य अशा दैवतांचं नाव आहे ती, पुष्कळ घरांनी बदलून न्वाचुक्वू केली. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी युरोपातल्या संतांची नावं चिकटली ती वेगळीच. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नाम्दी अझिकिवे यांचं नाव बेंजामिन ठेवलं होतं, ते त्यांनी टाकलं. कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचा बाप्तिस्मा आल्बर्ट या नावानं झाला, कॉलेजात असताना तेही गळालं. चिनुआ हे चिनुआलुमोगू या पूर्ण वाक्याचं तोंड आहे, 'माझ्या वतीनं माझा ची लढो'. अशी प्रार्थना पाठीशी असताना आल्बर्टनं काय साधणार होतं? मला हे मनापासून पटतं.

न्नाम्दी या नावाचा अर्थ 'माझे वडील आहेत', जिवंत आहेत. वडील वारल्यावर मुलगा झाला की हे नाव. वडिलांची आई वारल्यावर मुलगी झाली तर न्नेन्ना, म्हणजे वडिलांची आई. गेलेलं माणूस त्याच घरात परत येतं यावर जुन्या लोकांची श्रद्धा होती. कोण परतलंय हे जाणत्याला विचारत, कौल लावत. आपल्याकडेही नातवाच्या पायावरचा तीळ पाहून 'हे तर आमचे आबाच' म्हणणारी आजी असतेच.

गावाचा आठवडा चार दिवसांचा होता. एके, ओरिये, आफो, न्क्वो, चार बाजारांचे चार दिवस. ओकेके म्हणजे एकेच्या दिवशी जन्मलेला मुलगा, ओकोरिये, ओकाफोर, ओकोन्क्वो पुढचे. मुलगी असेल तर म्ग्बेके, म्ग्बाफोर. हे ऐकून मला आपल्याकडच्या पाड्यांवरचे सोम्या, मंगळ्या, बुध्या आठवले. आता ओकाफोर वगैरे आडनावं झाली आहेत, कारण शाळेच्या आणि चर्चच्या रजिस्टरात बापाचं नाव आडनावाच्या रकान्यात गोठलं. आज भेटणाऱ्या ओकाफोरचा आफोशी काही संबंध नसतो.

आता ज्या नावांसाठी हे सगळं लिहायला बसले, त्यांच्याकडे येते.

माझ्या एका वर्गात चार ओझोएमेना होते. तीन मुलगे, एक मुलगी. एक ओन्वुबिको होता. मॉनिटर या दोन नावांचा अर्थ सांगायला कचरत होता, मी आग्रह केला तेव्हा सांगितला. ओझोएमेना म्हणजे 'दुसरं असं न होवो'. ओन्वुबिको म्हणजे 'मृत्यो, हात जोडतो'.

एखाद्या घरात मूल जन्मतं, जातं, पुन्हा जन्मतं, पुन्हा जातं. जुनी समजूत अशी की तेच एक मूल येजा करतंय, आईला छळायला. त्याला ओगबांजे म्हणत. त्यानं कुठंतरी पुरून ठेवलेली खूण, इयी-उवा, जाणत्याकडून शोधून काढायची आणि नष्ट करायची, म्हणजे त्याचा पलीकडच्या जगाशी असलेला धागा तुटतो. पुढे वैद्यकातल्या माणसांनी दाखवून दिलं की यांतली पुष्कळ मुलं सिकलसेल या रक्ताच्या आजाराची असणार. हा आजार घेऊन जन्मणारी जगातली सर्वाधिक मुलं नायजेरियातली आहेत. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीतही तोच आजार आहे, तिथल्या आयांनीही अशीच एकामागून एक लेकरं मातीत ठेवली आहेत. त्यांनी त्याला काय नाव दिलं असेल, हे कुणीतरी जाऊन विचारायला हवं.

सकाळी साडेसातला मी हजेरी घ्यायचे. ओन्वुबिको. "प्रेझेंट, मा." ओझोएमेना. "प्रेझेंट, मा." मृत्यूला विनवणी, आणि पाठोपाठ हजर असल्याचा आवाज. रोज. मी परकी बाई, गणिताची शिक्षिका, रोज सकाळी एका आईची प्रार्थना तिच्या वतीनं म्हणत होते आणि तिचं उत्तर माझ्यासमोर बाकावर बसलेलं होतं.

एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. एकदा दाखल्यांची नक्कल करताना जन्मतारखांचा रकाना भरत होते. १९६७. १९६८. १९६८. १९६९. हात थांबला. जुलै १९६७ ते जानेवारी १९७० हा बियाफ्राच्या युद्धाचा काळ. इग्बोंनी वेगळं राष्ट्र जाहीर केलं, केंद्र सरकारनं नाकेबंदी केली, आणि दहा लाखांहून जास्त माणसं गेली, बहुतेक भुकेनं, त्यांतही लहान मुलं सर्वांत जास्त. माझा आख्खा वर्ग त्या अडीच वर्षांत जन्मलेला होता. सुजलेल्या पायांची, फुगलेल्या पोटांची मुलं जिथं रोज पुरली जात होती तिथं ही मुलं जन्मली. त्यांच्या आयांनी त्यांना म्हटलं, जगणं सगळ्यांत आधी. मूल पैशापेक्षा मोठं. दुसरं असं न होवो. ही सगळी नावं युद्धाआधीही होती, पुढेही राहतील. पण त्या तारखांशेजारी ती वाचली तेव्हा मला शाई दिसेनाशी झाली.

माझ्या आजोबांचं नाव धोंडिबा. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. चौथ्याला पणजीनं उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं, मूठभर जोंधळ्याला पणजीला विकलं, आणि नाव धोंडा. दगडू, केरू, भिकू, उकिरडा ही आपली नावं त्याच भीतीतून आलेली. आपण मुलाला लपवतो. हा दगड आहे, हा केर आहे, इथं नेण्यासारखं काही नाही, असं मृत्यूला भासवतो. ओन्वुबिकोच्या आईनं मात्र तोंड फिरवलं नाही. ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. यांत थोर कोण असा प्रश्नच नाही. माझी पणजी आणि ती आई एकाच पायरीवर बसलेल्या आहेत. पण एकीनं श्वास रोखून धरला आणि दुसरीनं शब्द उच्चारला, हा फरक मला आजही विचारात पाडतो.

आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आईबापांच्या वाक्याचं ओझं मुलाच्याच डोक्यावर येतं. आमच्या सातारा जिल्ह्यातली 'नकुशी' हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे, देवा, आता मुलगी पुरे. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. परतल्यावर मी जिथं शिकवलं तिथंही माझ्या वर्गांत नकुशा होत्या. हजेरीत ते नाव घेताना जीभ जड व्हायची, आणि तरीही मी ते वर्षानुवर्षं घेतलं, याची बोचणी मला आहे. इग्बोंतही मुलगी झाली म्हणून खट्टू होणारी घरं होती, आहेत. पण त्यांच्यात न्वान्यिबुइफे असं एक नाव आहे, 'बाईमाणूससुद्धा काहीतरी आहे'. ज्या कुणी नाक मुरडलं असेल त्याला दिलेलं हे उत्तर, आणि रोज हाक मारताना त्यालाही ते ऐकावंच लागणार. नकुशीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

आमच्या कुंपणापलीकडे मामा इफेओमा राहायच्या. तिकडे मामा म्हणजे आई, आणि बाईला तिच्या लेकराच्या नावानं ओळखतात. इफेओमाची आई, ती मामा इफेओमा. पन्नाशीच्या, उंच, न्क्वोच्या बाजारात सुरण विकायच्या. आपल्या सुरणासारखं नव्हे, हातभर लांबीचा तो यामचा कंद. मला त्या 'न्वा म्' म्हणायच्या, माझं लेकरू.

१९८२ च्या पावसात मी बाळंत झाले. तिथली रीत अशी की बाईची आई येऊन महिनाभर राहते, लेकीला गरम पाण्यानं शेकते, उडा नावाच्या शेंगेची पूड घालून तिखटजाळ रस्सा पाजते. याला ओमुग्वो म्हणतात. माझी आई येणं शक्य नव्हतं. तिची पत्रं तीन-तीन आठवड्यांनी पोचत. मामा इफेओमा दुसऱ्या दिवशी उजाडताच पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या, मी ओमुग्वोला आलेय म्हणाल्या. शेकताना त्यांचे हात थेट आमच्या घरच्या सुईणीसारखे चालत. गावातल्या बायका गळ्याला पांढरी पावडर फासून आल्या, गळा पांढरा दिसला की समजायचं, कुणाकडे तरी बाळ झालंय.

त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पहिलं का? मी हो म्हटलं होतं.

तिसऱ्या रात्री मात्र खरं बाहेर पडलं. १९७९ साली साताऱ्यात मला मुलगा झाला होता. नऊ दिवस जगला. त्या रिकाम्या पाळण्यापासून दूर जायचं म्हणूनच आम्ही इतक्या लांब आलो होतो, पगार वगैरे सगळं नंतरचं. मी रडत होते आणि त्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

मी म्हटलं, ठेवलंच नव्हतं. आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, युद्धात माझे दोन गेले. आणि दोघांची नावं घेतली. एवढंच. मग दिवा बारीक केला आणि म्हणाल्या, का ची फो.

बारावा दिवस आला. मामांनी बोटांवर मोजलं, चार चार चार, म्हणजे तीन इझू, त्यांचे तीन आठवडे. त्यांच्या गावातही नाव ठेवायला तोच दिवस. गणिताच्या शिक्षिकेला याहून सुंदर हिशेब कुठला मिळणार! आमच्याकडे पाळणा नव्हता, ह्यांनी आढ्याला साडीची झोळी बांधली. मी बायकांना बाळ झोळीखालून-वरून कसं द्यायचं ते दाखवलं, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' त्या हसत हसत म्हणू लागल्या. मग मामांच्या मोठ्या दिरांनी कोला नावाच्या झाडाचं फळ हातात धरलं. ते पुरुषानंच फोडायचं, आणि प्रार्थना इग्बोतच करायची, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही असं ते मानतात. फोडल्यावर चार पाकळ्या निघाल्या. चार बाजारांच्या चार, शुभ. सगळे खूश झाले.

आईच्या पत्रात बाळासाठी आधीच एक नाव आलं होतं, त्याच्यापुढे 'चि.' लिहिलेलं. किती वर्षं आपण हे एक अक्षर आणि एक टिंब लिहितो, लग्नपत्रिकांत, पाकिटांवर. चिरंजीव हो, पुष्कळ जग. हीसुद्धा मृत्यूला ऐकवलेली गोष्टच की. लिहिण्याच्या सवयीत ती ऐकूच येईनाशी झाली. मी ते नाव बाळाच्या कानात सांगितलं.

मग मामांनी तिला घेतलं. माझ्या पोटात गोळा आला. त्या ओझोएमेना म्हणणार अशी मला खात्री होती, आणि ते शब्द रोज माझ्या तोंडी यावेत हे मला सोसलं नसतं. त्या म्हणाल्या, "न्किरुका."

न्के इरू का. पुढं आहे ते मोठं. नंतर भांडी आवरताना मी विचारलं, ओझोएमेना का नाही? त्या म्हणाल्या, "ते नाव मागं वळून बोलतं. तू पुष्कळ वळून बघितलंस, न्वा म्."

त्या दिवसापासून गावात मी मामा न्किरू झाले. मॅडम म्हणणं हळूहळू बंद झालं.

त्या 'का'विषयी थोडं लिहायलाच हवं. इग्बोत 'का' म्हणजे वरचढ असणं, मोठं असणं. न्वाकाएगो, मूल पैशापेक्षा मोठं, इथं तुलना पूर्ण आहे. पण पुष्कळ नावांत ती अर्धीच ठेवतात. न्नेका, आई मोठी. माणूस संकटात सापडला, स्वतःच्या गावात थारा उरला नाही, की आईच्या गावी जातो, तिथं त्याला कुणी हात लावत नाही. अगदी आपलं आजोळ. आई मोठी, पण कुणापेक्षा ते नावात नाही, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. न्वान्नेका, भावंड मोठं. कशापेक्षा, ते नाही. न्किरुका, पुढचं मोठं.

मी चाळीस वर्षं याचा अर्थ 'भविष्य उज्ज्वल आहे' असा लोकांना सांगत आले. कुणी विचारलं की हेच सांगायचे, शुभेच्छापत्रावरच्या ओळीसारखं. लेकीलाही तेवढंच सांगितलं होतं. त्या वाक्यात एक जागा मोकळी सोडलेली आहे, आणि मामांनी ती कुणासाठी सोडली, हे मला गेल्या वर्षापर्यंत दिसलं नव्हतं.

न्किरू लंडनला असते, इस्पितळात काम करते. गेल्या वर्षी तिच्या वॉर्डात एक इग्बो नर्स आली. हिचं घरातलं नाव ऐकून ती चकितच झाली, आणि तिनं विचारलं, हे नाव तुला का दिलं? आमच्यात उगाच कुणी काही ठेवत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर न्किरूनं तोच प्रश्न मला केला. मी मेथी निवडत होते.

"आई, पुढचं मोठं. पण कशापेक्षा?"

मी जुडी खाली ठेवली. तिला सांगितलं की तुझ्या आधी एक मुलगा झाला होता, साताऱ्याला, नऊ दिवसांचा. हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. पडद्यावर तिचा चेहरा स्थिर होता, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तिचे डोळे हलले.

"त्याचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

त्या पावसातल्या रात्री मामांनी विचारला होता तसाच, त्याच शब्दांत.

मी म्हटलं, "बारशाला तीन दिवस राहिले होते गं."